वय ३१, आतड्यात पॉलिप, "तीन वर्षांनी या" म्हणतात. थांबायचं का?

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी द्राक्षबागा आणि पाऊसपाण्याच्या धाग्यांवर असते, आज वेगळं विचारतेय. धाकटा भाऊ, वय ३१, तासगाव तालुक्यात बाग आहे. शौचातून रक्त जायचं, ते त्याने "ऊन, फवारणी, अंगातली उष्णता" याच खात्यावर टाकलं. सब्जा झाला, गुलकंद झाला. मग मूळव्याधीच्या एका दवाखान्यात हात न लावता, न तपासता मलम दिलं, तेही बरेच महिने चाललं. बागेत चार सऱ्या चालला की धाप लागायला लागली तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९. तिथून मिरज आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून तपासणी.

रिपोर्टात लिहिलंय ते असं: सिग्मॉइड कोलनमध्ये (मोठ्या आतड्याचा गुदाशयाच्या वरचा भाग) देठ असलेला पॉलिप, १४ मिमी, पूर्ण काढला. ट्युब्युलोव्हिलस अ‍ॅडिनोमा, लो ग्रेड डिसप्लेसिया, देठाची कड मोकळी. डॉक्टर म्हणाले कॅन्सर नाही, तीन वर्षांनी परत बघू. आई म्हणते काढला ना, मग संपलं, देवाचे आभार माना. माझ्या डोक्यातून जात नाही. एवढ्या तरुण वयात पॉलिप झालाच कसा, आणि तीन वर्षं फार होत नाहीत का? नेटवर वाचलं की तरुणांचा आतड्याचा कॅन्सर भराभर वाढतो. जाणकारांनी कृपया सांगा.

भडंग_स्पेशल
ताई, काळजी करू नका. रोज रात्री त्रिफळा कोमट पाण्यातून, मैदा बंद. आमच्या मामांचे मोड असेच गेले.

कास_पठार
भडंगराव, मोड वेगळे आणि पॉलिप वेगळा. गुदद्वाराच्या फुगलेल्या शिरा म्हणजे मोड. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरात उगवलेली गाठ. तो त्रिफळ्याने जात नाही आणि ताईंच्या भावाचा तर काढलासुद्धा आहे.

स्लाइडवाला_सांगली
मी पॅथॉलॉजिस्ट आहे, दिवसभर हेच तुकडे काचेवर बघतो. सल्ला तुमच्या डॉक्टरांचाच घ्या, मी फक्त रिपोर्ट वाचून दाखवतो.

"अ‍ॅडिनोमा" हा शब्द आला की तो कॅन्सरकडे जाऊ शकणाऱ्या जातीचा पॉलिप. जाऊ शकणारा, गेलेला नव्हे. बहुतेक अ‍ॅडिनोमा आयुष्यभर अ‍ॅडिनोमाच राहतात. जे पुढे जातात त्यांनाही साधारण दहा वर्षं लागतात, कारण पेशीत एकामागून एक बिघाड साठावे लागतात: आधी एपीसी जनुक, मग केआरएएस, शेवटाकडे टीपी५३. मुलांच्या गुदाशयात एखादा ज्युव्हेनाइल पॉलिप सापडतो, रक्त भरपूर येतं, आईबाप हादरतात, पण एकटा असेल तर तो जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी. गुदाशयातले बारीक हायपरप्लास्टिक पॉलिपही तसेच. तेव्हा "तरुणाला पॉलिप" एवढ्यावरून काहीच ठरत नाही, जात बघावी लागते.

"ट्युब्युलोव्हिलस" म्हणजे काही भाग नळ्यांचा, काही बोटांसारख्या झालरींचा. झालरी जास्त तसा धोका जास्त. "लो ग्रेड डिसप्लेसिया" (पेशींची ठेवण थोडी बिघडलेली) वाचून लोक घाबरतात, पण प्रत्येक अ‍ॅडिनोमात निदान तेवढा डिसप्लेसिया असतोच. नसेल तर आम्ही त्याला अ‍ॅडिनोमा म्हणतच नाही. हाय ग्रेड लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी.

आकार: ५ मिमीच्या आतल्या पॉलिपमध्ये कॅन्सर सापडणं अगदीच विरळा. १० मिमीच्या पुढे गंभीरपणे घ्यायचं, २० मिमीच्या पुढे आम्ही प्रत्येक काप डोळ्यांत तेल घालून बघतो. तुमचा १४. देठ होता हे नशीब. भूछत्रासारखा उभा असतो, त्यामुळे वायरचा फास देठाला टाकून अख्खा हातात येतो आणि मुळाशी काही उरलंय का ते आम्हाला नीट बघता येतं. पसरट पॉलिप तुकड्यातुकड्यांनी काढावा लागला तर कड मोकळी आहे हे आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून २० मिमी आणि त्याहून मोठा पॉलिप तुकड्यांनी काढला असेल तर सहा महिन्यांतच परत दुर्बीण घालतात.

आता तीन वर्षं. १० मिमी किंवा मोठा, किंवा झालरीचा, किंवा हाय ग्रेड, यातलं एक जरी असेल तर तो "अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅडिनोमा" आणि पुढची तपासणी ३ वर्षांनी. अमेरिकेतल्या पोटविकार संघटनांच्या २०२० च्या शिफारशीत हेच आहे. एकदोनच छोटे साधे ट्युब्युलर असते तर ७ ते १० वर्षं म्हणाले असते. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी पॉलिपच्या हिशेबाने बरोबर सांगितलं आहे.

"पॉलिपच्या हिशेबाने" हे मुद्दाम लिहिलं. घराण्याचा हिशेब यात आलेला नाही. घरात कोणाला कॅन्सर होता का? आतड्याचाच असं नाही. गर्भाशय, अंडाशय, जठर, मूत्रनलिका, काहीही.

विट्याचा_फॅमिली_डॉक्टर
वरच्या सगळ्याला अनुमोदन. भर एवढीच: कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टात "सीकमपर्यंत पोचलो" (सीकम म्हणजे मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक) असं लिहिलंय का आणि पोट किती साफ होतं ते बघा. आमच्याकडचे पेशंट पोट साफ करायची ती पावडर दोन ग्लास पितात, उरलेली मोरीत ओततात आणि सकाळी "सगळी घेतली" म्हणतात. आतडं स्वच्छ नसेल तर तीन वर्षांचा हिशेब लागूच होत नाही, वर्षाच्या आत परत करावी लागते.

आणि बागेतल्या ३१ वर्षांच्या गड्याचं हिमोग्लोबिन ९ हे उन्हामुळे होत नसतं. बाईमाणसाला पाळीमुळे लोह कमी पडतं हे समजू शकतो, पुरुषाला लोहाची कमतरता म्हणजे बहुधा कुठून तरी रक्त जातंय, ते शोधायचंच. पन्नाशीच्या आतल्यांत शौचातून रक्त, लोह कमी, सततची पोटदुखी, सततचे जुलाब, यातलं काही रेंगाळलं तर निदान बोट घालून तरी तपासून घ्या. बहुतेकांना मूळव्याध किंवा फिशरच निघतं हे खरं, पण ते तपासल्यावर म्हणायचं.

न्यूजर्सीकर_मूळ_मिरज
इकडे तर तरुणांच्या आतड्याच्या कॅन्सरवर सतत बोललं जातं. 'ब्लॅक पँथर'चा नायक चॅडविक बोसमन २०२० मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी याच आजाराने गेला, तेव्हापासून जास्तच. इथल्या कॅन्सर सोसायटीने २०१८ मध्ये आणि सरकारी तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये सर्वांच्या तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं. इथल्या एका मोठ्या अभ्यासात १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांपेक्षा १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना त्याच वयात कोलनच्या कॅन्सरचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा चौपट निघाला. माझं मत, भारतातही तिशीत सगळ्यांनी एकदा कोलोनोस्कोपी करून टाकावी. पैसे असणाऱ्यांनी तरी.

विट्याचा_फॅमिली_डॉक्टर
न्यूजर्सीकर, इथे मी आडवा येणार. दुप्पट-चौपट ऐकायला मोठं वाटतं, पण मुळात तिशीतला धोका फार लहान आहे, लहानाचं चौपट अजूनही लहानच. शिवाय आपल्याकडे या कॅन्सरचं एकूण प्रमाण तुमच्या तिकडच्यापेक्षा बरंच कमी. आपल्या दवाखान्यांत "पेशंटांत तरुण फार" दिसतात ते खरं, गुदाशयाचे जास्त आणि उशिरा आलेले, हेही खरं. पण आपला देशच तरुण आहे, त्यामुळे रांगेत तरुण जास्त दिसणारच. त्यावरून प्रत्येक तरुणाचा धोका तेवढा वाढला असं गणित मांडता येत नाही. सरकारी तपासणी मोहिमेतही ३० च्या पुढे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढंच आहे. आतडं नाही, आणि ते अगदीच चुकीचं आहे असं मला वाटत नाही.

कोलोनोस्कोपीत आतड्याला भोक पडण्याचा धोका हजारात एखाद्याहूनही कमी, पण शून्य नाही. काही त्रास नाही, घराण्यात काही नाही, अशा पंचविशी-तिशीच्या हजारो पोरांना हे करायला लावणं मला पटत नाही. ज्यांना त्रास आहे आणि ज्यांच्या घरात आहे त्यांचीच आपल्याकडे होत नाही, तिथे आधी जोर लावू.

भडंग_स्पेशल
म्हणजे रविवारचं मटण चालू ठेवायचं का ते सांगा, बाकी इंग्रजी औषधांचं तुम्ही बघा 😀

विट्याचा_फॅमिली_डॉक्टर
चालू ठेवा, रोज नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज-सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला कॅन्सरकारक ठरवलं, तांबड्या मांसाला "बहुधा". तांबड्या रश्श्यापेक्षा मला तंबाखू, दारू आणि सुटलेल्या पोटाची काळजी जास्त. आणि आमच्या बायाबापड्यांच्या मिश्रीची, ती तर कोणी तंबाखूत धरतच नाही.

येरळाकाठ
सगळ्यांचे आभार. रिपोर्ट परत काढून बघितला: सीकमपर्यंत पोचले होते, सफाई चांगली. दुसरा पॉलिप नाही.

स्लाइडवाले दादा, घराण्याचं विचारलंत म्हणून आईला आणि चुलत्यांना खोदून विचारलं. आमची सख्खी आत्या २०१७ साली "पोटाच्या गाठीने" गेली, वय ४४. कागद बघितले तर उजव्या बाजूच्या कोलनचा कॅन्सर. ऑपरेशन मिरजेलाच झालं होतं. आणि आजी, म्हणजे बाबांची आई, पन्नाशीत अंगावर जाऊन जाऊन गेली. पिशवीचा कॅन्सर होता असं चुलते म्हणतात. बाबा ५९, ठणठणीत, कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत. त्यांना काहीच नाही म्हणजे भावाकडे आलं नसणार ना?

स्लाइडवाला_सांगली
ताई, आता चित्र बदललं. शांतपणे वाचा.

आजीला पिशवीचा, तिच्या मुलीला ४४ व्या वर्षी उजव्या कोलनचा, आणि नातवाला ३१ व्या वर्षी अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅडिनोमा. अशा ओळीला पहिला संशय लिंच सिंड्रोमचा, म्हणजे घराण्यात उतरणाऱ्या कॅन्सरच्या धोक्याचा घ्यायचा. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, त्या नकलेत राहिलेल्या चुका दुरुस्त करणारी काही जनुकं असतात: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२. यातलं एक जन्मतः बिघडलेलं असलं की तो लिंच. आईबापांपैकी एकात असेल तर प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. शंभराहून जास्त पॉलिप होणारा, घराण्यात उतरणारा आजार वेगळा, त्याला एफएपी म्हणतात. लिंचमध्ये पॉलिप मोजकेच असतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

बाबांना काही नाही याचा अर्थ त्यांच्याकडे बिघाड नाही असा होत नाही. बिघाड असणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर होतोच असं नाही. उलट भावाकडे तो आजीकडून आला असेल तर बाबांतूनच आला असणार.

तीन वर्षांचं आता सांगतो. साध्या माणसात अ‍ॅडिनोमाला जी दहा वर्षं लागतात ती लिंचमध्ये दोन-तीन वर्षांवर येऊ शकतात, कारण चुका दुरुस्तच होत नाहीत. म्हणून लिंच ठरला तर कोलोनोस्कोपी २०-२५ व्या वर्षापासून दर एक ते दोन वर्षांनी. तुमच्या मिरजेच्या डॉक्टरांना आत्या-आजीचं कोणी सांगितलं होतं का? फॉर्मवर "घरात कोणाला कॅन्सर?" पुढे नव्वद टक्के लोक रेघ मारतात.

कुठून सुरुवात करायची: आत्यापासून. त्या नाहीत, पण ऑपरेशनच्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, आम्ही ब्लॉक म्हणतो, लॅब बरीच वर्षं जपून ठेवतात. २०१७ चा मिळायला हरकत नाही. काडेपेटीहून लहान, प्लॅस्टिकच्या जाळीदार चौकटीत पांढरं मेण आणि कडेला पेनाने लिहिलेला नंबर. तो नंबर त्या वेळच्या बायॉप्सी रिपोर्टावर वरच्या कोपऱ्यात असतो. तो घेऊन जवळच्या नातेवाइकाने अर्ज द्यायचा. त्यावर या चार जनुकांच्या प्रथिनांची तपासणी करता येते. भावाच्या पॉलिपवरही करता येईल, पण पॉलिपवर सगळं ठीक आलं तरी लिंच नाही असं म्हणता येत नाही, गाठीवरचा निकाल जास्त भरवशाचा.

येरळाकाठ
नाही, सांगितलं नव्हतं. फॉर्म भावानेच भरला होता.

दादा, एक गोष्ट लिहू का नको करत होते. आमची भावजय म्हणजे आत्याचीच मुलगी आहे. आमच्याकडे रीतच आहे, मामाच्या घरी मुलगी द्यायची. वय २८. त्यांचा मुलगा तीन वर्षांचा.

वाईकर_माई
ताई, आधी एक मिठी. मी त्या दुसऱ्या आजाराच्या, एफएपीच्या घरातली. नवऱ्याच्या आतड्यात शेकड्यांनी पॉलिप होते, चोविसाव्या वर्षी मोठं आतडं काढलं. लहान आतड्याचीच पिशवी करून खाली जोडली. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं, पण माणूस बस चालवतो, वारीला जातो. ते ऑपरेशन नसतं तर चाळिशीपर्यंत कॅन्सर जवळजवळ ठरलेलाच होता. मुलाची रक्ततपासणी केली, त्याच्यात आहे. दहाव्या-बाराव्या वर्षापासून त्याची तपासणी सुरू करायला सांगितलीय.

पण खरं सांगते, आजारापेक्षा लपवालपवीने जास्त माणसं गेली आमची. "मुलींची लग्नं व्हायचीत, बोलू नका." सासऱ्यांच्या दोन भावांना काय झालं ते आम्हाला नवऱ्याच्या ऑपरेशननंतर कळलं. तुमच्या आत्याला अजून लेकी असतील, त्यांना सांगा. सासरचे काय म्हणतील ते म्हणू देत.

साधा_माणूस
आत्याच्या मुलीशी लग्न आमच्याकडे सातारा भागात घरोघरी आहे. म्हणून आजार होतो का? उगाच आपल्या रीतीला नावं ठेवू नका.

स्लाइडवाला_सांगली
रीतीला नावं ठेवत नाही, माझ्या आईवडिलांचंही लग्न असंच झालंय. लिंच व्हायला नात्यातलं लग्न लागत नाही, एकाच पालकाकडून एक बिघाड पुरतो. पण घराण्यात बिघाड असेल तर नात्यातल्या लग्नात तो दोन्ही बाजूंनी एकाच मुलाकडे जाऊ शकतो, एवढाच मुद्दा आहे. एमयूटीवायएच नावाच्या जनुकाचा पॉलिपचा आजार तर दोन्हीकडून आल्याशिवाय होतच नाही. तिथे आईबाप धडधाकट असतात आणि भावंडांत पॉलिप निघतात.

ताई, तुमच्या घरात आत्याला लिंच असेल तर भावजयीत यायची शक्यता निम्मी. भावातही असेल आणि तिच्यातही, तर बाळाला दोन्हीकडून मिळायची शक्यता चारात एक. तसं झालं तर तो वेगळा आणि दुर्मिळ आजार, त्यात लहानपणीच रक्ताचे, मेंदूचे कॅन्सर आणि आतड्यात पॉलिप होऊ शकतात. अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे बरेच डाग असणं ही त्याची खूण. एखाददुसरा डाग पुष्कळ मुलांना असतो, त्याने घाबरायचं नाही. आणि यातलं अजून काहीही सिद्ध झालेलं नाही. म्हणून तर आधी ब्लॉक.

विट्याचा_फॅमिली_डॉक्टर
भावजयीला सध्या एवढंच सांगा: पाळीशिवाय रक्त जात असेल किंवा पाळीत फार जात असेल तर ते अंगावर काढायचं नाही. लिंचमध्ये बायकांना पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका आतड्याच्या तोडीचा असतो. बाळाचं डोक्यात घेऊन रात्री जागू नका.

येरळाकाठ
उशिरा लिहितेय, माफ करा. आत्याच्या घरी सांगणं सोपं नव्हतं. आत्याचे यजमान म्हणाले, मेलेल्या माणसाला कशाला उकरून काढता. शेवटी भावजयच म्हणाली, माझी आई आहे, अर्ज मी देते. तिनेच दिला. बायॉप्सीचा कागद आत्याच्या ट्रंकेत साडीच्या घडीत होता, वरच्या कोपऱ्यात नंबर होता. लॅबने ब्लॉक शोधून दिला.

निकाल आला: एमएसएच२ आणि एमएसएच६ दोन्ही प्रथिनं नाहीत, एमएलएच१ आणि पीएमएस२ आहेत. मिरजेच्या डॉक्टरांनी भावाची पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांवरून एक वर्षावर आणली आणि जनुक तपासणीसाठी समुपदेशकाकडे पाठवलंय. पण आधी रक्त कोणाचं द्यायचं यावर घरात घोळ आहे. बाबा म्हणतात मला काय धाड भरलीय.

स्लाइडवाला_सांगली
एमएसएच६ चं प्रथिन एमएसएच२ च्या आधाराने टिकतं, ते गेलं की हेही जातं. त्यामुळे बिघाड बहुधा एमएसएच२ मध्ये. एमएलएच१ गेलं असतं तर ते जन्मजात नसतानाही जाऊ शकतं, आणखी तपासण्या लागल्या असत्या. एमएसएच२ गेलं की जन्मजात कारणाचा संशय फार बळकट.

रक्त: आत्या नाहीत, म्हणून भाऊ आणि भावजय दोघांचं आधी. समुपदेशक क्रम बदलतील तर त्यांचं ऐका. एकात जरी नेमका बिघाड सापडला तर बाकीच्यांना फक्त तेवढीच एक जागा तपासावी लागते, खर्च बराच कमी. भावात सापडला तर बाबांचीही तपासणी करायची, आणि त्यांच्यात निघाला तर ५९ व्या वर्षी त्यांची पहिली कोलोनोस्कोपी लगेच. मुख्य म्हणजे चुलत्यांची पोरं. ती आत्ता कोणाच्या खिजगणतीत नाहीत, पण आजीची नातवंडं तीही आहेत. आणि दोघांपैकी एकातही काही सापडलं नाही तर "सुटलो" म्हणून फाइल बंद करू नका. बिघाड कुठला हे माहीत नसताना आलेला नकार अर्धाच असतो, तेव्हा आत्याच्या ब्लॉकवरच जनुक तपासता येतं का ते विचारा.

येरळाकाठ
चुलत्यांकडे पाच जण आहेत, मोठा ३४. त्याला महिनाभर "मूळव्याध" आहे म्हणे. उद्याच फोन करते.

विट्याचा_फॅमिली_डॉक्टर
फोन नको, सरळ घेऊन या. सकाळी उपाशीपोटी यायची गरज नाही, आत्याचा नवा रिपोर्ट तेवढा सोबत आणा.